विहिरीच्या गाळात सापडलेली गोटीची सोडा बाटली: मूळ कसं शोधायचं?

रानवाटा
नमस्कार मंडळी,
पुरंदरच्या पायथ्याला, नारायणपूरच्या अलीकडे माझ्या मामांची जुनी बांधीव विहीर आहे. यंदा उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं म्हणून गाळ काढला. खापऱ्या, लोखंडी कडी, पोहऱ्याचे तुकडे असलं बरंच निघालं आणि त्यात ही बाटली. मजुराने बाजूला फेकली होती, मामींनी उचलून ठेवली.

काच जाड, हिरवट. गळा मध्येच आवळलेला आणि आत काचेची गोटी, हलवली की खडखडते. पोटावर उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत, पण नावाची ओळ झिजली आहे. तिच्या शेवटी 'अँड सन्स' आणि खालच्या ओळीत 'पूना' एवढं नीट वाचता येतं. मागच्या बाजूला, बुडाच्या जरा वर, बारीक अक्षरांत 'रायलँड्स' आणि 'बार्न्सली'. तोंडाच्या आत गोल खाच आहे, तिच्यात काही नाही.

ही कोणाची, किती जुनी आणि इतक्या आडबाजूच्या विहिरीत आली कशी? विकायची अजिबात नाही, मामांना आणि मला फक्त कळून घ्यायचं आहे. फोटो टाकले आहेत.

खमंग_काकडी
मामांना म्हणावं अजून दोन हात खाली जा, सोडावाला आणि त्याची उधारीची वहीपण निघेल.

काचसामान
रानवाटा, वस्तू सुंदर आहे. मामींना माझा नमस्कार सांगा.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: या बाटलीला दोन मुळं आहेत आणि दोन्ही वेगळी शोधावी लागतात. पोटावरचं मोठं नाव सोडा भरून विकणाऱ्याचं, बुडाजवळचं बारीक नाव काच ओतणाऱ्याचं. लोक हमखास या दोन्हींची गल्लत करतात आणि मग पुण्यात बार्न्सली नावाची पेठ शोधत बसतात.

काचेचं मूळ तुमच्या बाटलीनेच सांगितलं आहे. हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरने गोटीच्या बाटलीचं पहिलं पेटंट १८७० मध्ये घेतलं आणि १८७२ मध्ये ती रचना आजच्या रूपाला आणली. यॉर्कशरमधल्या बार्न्सलीचे रायलँड्स हे त्याचे काच कारखानदार भागीदार. आधी बाप बेन, मग १८८० च्या दशकात मुलगा डॅन. तेव्हाचं ब्रिटिश पेटंट १४ वर्षांचं असायचं, त्यामुळे १८८० च्या दशकाच्या मध्यानंतर इतर कारखानेही बिनधास्त अशा बाटल्या काढू लागले. तुमच्या बाटलीवर 'रायलँड्स'च्या आधी 'डॅन' किंवा 'बेन' असं काही दिसतं का, ते पाहा. 'डॅन' असेल तर वयाची वरची मर्यादा लगेच ठरते.

सोडावाल्याचं मूळ शोधायला आधी अक्षरं वाचली पाहिजेत. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, बाटली पांढऱ्या कापडावर आडवी ठेवा आणि टॉर्च समोरून न धरता काचेला लागून, अगदी तिरका धरा. झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडते. टॉर्च हळूहळू फिरवत फोटो काढत जा. एका कोनात जे दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं.

आणि कृपा करून अॅसिडने धुऊ नका. कोमट पाणी, मऊ कापड, बस्स.

तळेगावचा_म्हातारा
बार्न्सली वाचून जरा हिरमुसलो. आमच्या तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर एकेक पैसा जमवला आणि त्यातून तो उभा राहिला, लोकमान्यांचा पाठिंबा होता. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना निघाला, ज्यांचे प्रभाकर कंदील घराघरात होते. पुण्याच्या सोडावाल्याची बाटली म्हटल्यावर मला वाटलं, निदान काच तरी आपली असेल.

काचसामान
काका, याच बाटलीमुळे तर तुमच्या कारखान्याची थोरवी कळते. पाणी पुण्याचं, सोडा पुण्यात भरलेला, पिणारे इथलेच आणि रिकामी काच मात्र जहाजात गवत भरून विलायतेहून आणायची! एकेका बाटलीमागे पैसा बाहेर जात होता. तो थांबावा म्हणूनच तळेगाव उभं राहिलं. मी तर म्हणतो ही बाटली तळेगावच्या गोष्टीचं पहिलं पान आहे.

तळेगावचा_म्हातारा
हे बोललात ते बरं वाटलं.

कृष्णाकाठ
माझ्या वडिलांचं सोड्याचं दुकान होतं, सांगली भागात. ही बाटली भरायची कशी ते इथे फार जणांनी पाहिलं नसेल, म्हणून लिहितो.

बाटली आधी सरळ धरून पाण्याने भरायची, लेमन असेल तर आधी तळाला पाक. मग ती मशीनच्या पिंजऱ्यात आडवी अडकवायची, वर जाळीचं झाकण. गॅसची चावी उघडली की वडील दांडा धरून पिंजरा मागेपुढे हेलकावत, म्हणजे गॅस पाण्यात मुरतो. पाणी जितकं गार तितका गॅस जास्त मुरतो, म्हणून उन्हाळ्यात पाण्याच्या पिंपात बर्फाची लादी टाकलेली असायची. मग पिंजरा उलटा करायचा. बाटलीचं तोंड खाली आलं की गोटी घरंगळत तोंडाशी येते, आतला गॅस तिला तोंडातल्या रबरी वायसरवर दाबून धरतो आणि झालं बूच. बाहेरून काही लावायला नको. रानवाटा, तुमच्या तोंडातली रिकामी खाच त्या वायसरची. रबर केव्हाच कुजून गेलं असणार.

गळ्याच्या एका बाजूला दोन खळगे असतील बघा. प्यायच्या वेळी ती बाजू खाली धरायची, गोटी त्यात अडकून बसते आणि सोडा मोकळा येतो. उलट्या बाजूने धरली की गोटी तोंडाशी येऊन धार बंद. नवखं गिऱ्हाईक हमखास उलटी धरायचं आणि आम्ही पोरं हसायचो.

बाटली फुटायचीसुद्धा. काचेत कुठे बारीक चीर असली की मशीनवरच धडाम! जाळीचं झाकण त्यासाठीच. वडिलांच्या डाव्या मनगटावर शेवटपर्यंत व्रण होता. सिलिंडर येण्याआधी आजोबा गंधकाचं अॅसिड आणि खडूची पूड यांच्यापासून गॅस घरीच तयार करत, तो वास म्हणे गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

दादरची_चिमणी
कृष्णाकाठ, निव्वळ अप्रतिम. यावर वेगळा धागा काढाच.

लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलताना येणारा तो 'टॉक्क फिस्स' आवाज आत्ता कानात आला. आणि आम्हा भावंडांना सोड्यापेक्षा गोटीच हवी असायची, फुटलेल्या बाटलीसाठी मारामारी.

खमंग_काकडी
गोटीसाठी बाटल्या फोडणारी पोरं आणि दंगलीत त्या फेकणारी मोठी माणसं, यांच्या तावडीतून सुटलेली बाटली म्हणजे विहिरीतली. आमचे आजोबा सांगत, मुंबईत दंगल पेटली की 'सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा' हे बातमीत ठरलेलं असायचं. हलवून फेकली की बॉम्बच.

इतिहासवेडी
आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, आडबाजूच्या विहिरीत कशी आली. रानवाटा, पुरंदरचा पायथा मुळीच आडबाजू नाही! इंग्रजांच्या काळात पुरंदरावर गोऱ्या सैनिकांचं आरोग्यधाम होतं. पुण्याच्या उन्हाळ्यात, तापातून उठलेल्यांना हवापालटासाठी गडावर पाठवत. तिथे चर्चचे अवशेष आजही आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लोकांना स्थानबद्ध केलं होतं तेही याच गडावर. म्हणजे कित्येक दशकं पुणे कॅम्पातून गडापर्यंत सामानाच्या गाड्या जात होत्या.

गोऱ्या शिपायाला सोडावॉटर म्हणजे चैन नव्हती. पटकी आणि हगवणीच्या काळात बंद बाटलीतलं पाणी सुरक्षित समजलं जायचं, पलटणींचे स्वतःचे सोड्याचे कारखानेसुद्धा असायचे. तेव्हा पुणे कॅम्पातला सोडावाला, गाडीवान, गडाची वाट, वाटेतली विहीर अशी साखळी मला तरी अगदी पटते. गाडीवानाने बैलांना पाणी पाजायला थांबून रिकामी बाटली विहिरीत टाकली असेल, किंवा पाणी भरून घेताना हातातून निसटली असेल.

भोरवाला
पटलं नाही. बाटलीवर अनामत असायची, रिकामी परत दिली की पैसे. गाडीवान ती विहिरीत का टाकेल? माझ्या मते जत्रा. नारायणपूरचं यादवकालीन शिवमंदिर, पुढे बालाजी आणि दत्त, त्या बाजूला जत्रांची कमी नाही. गोटी सोडा जत्रेत साठ-सत्तर सालापर्यंत सर्रास मिळायचा. बाटली जुनी असली तरी विहिरीत नंतर पडली असू शकते. या बाटल्या पन्नास पन्नास वर्षं फिरत राहायच्या.

कृष्णाकाठ
भोरवाला यांच्या मुद्द्यात दम आहे. आमच्या दुकानात दुसऱ्यांच्या नावाच्या बाटल्या ढिगाने होत्या. मिरजेच्या, कोल्हापूरच्या, एक तर बेळगावची. कुठून कुठून यायच्या आणि आम्हीही त्याच भरायचो. नाव ओतून घ्यायचं कारणच ते, की बाटली माझी आहे, परत करा. पण कोण ऐकतं! त्यामुळे बाटली सापडली तिथेच ती विकली गेली असं समजू नका. 'पूना' लिहिलेल्या बाटलीत शेवटचा सोडा सासवडच्या दुकानदाराने भरलेला असू शकतो.

इतिहासवेडी
@भोरवाला, अनामतीचा मुद्दा मान्य, पण तो जत्रेलाही लागू पडतो. जत्रेतला सोडावाला तर गिऱ्हाइकाला बाटली घेऊन हलूसुद्धा देत नाही, समोर उभं राहून पी आणि परत दे. विहिरीपर्यंत बाटली जाते ती प्रवासात, ज्याने ती सोबत नेली आहे त्याच्याकडून. माझा कल अजून गडाच्या वाटेकडेच आहे.

भोरवाला
आणि पोरांनी पळवली असेल तर? 😀

आल्प्सचा_पाहुणा
काचेत बारीक बुडबुडे दिसतात फोटोत. बुडबुडे म्हणजे शंभर टक्के जुनी काच.

काचसामान
असं नक्की नाही. लहान भट्टीत कमी तापमानावर वितळलेल्या काचेत बुडबुडे राहतात आणि अशा भट्ट्या आपल्याकडे परवापरवापर्यंत चालल्या. फिरोजाबादकडची अगदी अलीकडची काचसुद्धा बुडबुड्यांनी भरलेली मिळते. बाटलीच्या कडेने उभी जाणारी साच्याची रेघ तोंडाच्या खालीच थांबते का, हेही लोक बघतात. साध्या बाटलीला ती खूण उपयोगी. गोटीच्या बाटलीत मात्र गोटी आत टाकल्यावर तोंड वेगळं घडवावं लागतं, त्यामुळे तिथे जपून.

माझा भरवसा झिजेवर. खरी फिरलेली बाटली लाकडी खोक्यात शेजारणींना घासून खांद्यावर आणि पोटावर पांढुरकी पट्टी धरते. बुडाची कड बोथट होते. गोटी हातात येत नाही, पण भिंगातून पाहिली तर तिच्यावर बारीक चरे दिसतात. चोरबाजारात हल्ली शोभेसाठी बनवलेल्या गोटीच्या बाटल्या 'इंग्रजांच्या काळातल्या' म्हणून विकतात. त्यांचा रंग भडक निळा-जांभळा, अक्षरं गुळगुळीत आणि झीज एकतर अजिबात नाही किंवा सगळीकडे सारखी. सारखी झीज म्हणजे घासकागद.

रानवाटांची बाटली गाळातून निघाली आहे, काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा फोटोत दिसतो. तो वर्षानुवर्षं ओल्या मातीत पडल्यानेच येतो. खरेपणाबद्दल मला शंका नाही.

यॉर्कशरवाहिनी
मी शेफील्डला राहते, बार्न्सली इथून जवळ. धागा वाचून रविवारी मुद्दाम टाउन हॉलमधल्या संग्रहालयात गेले. या गावाला काचेचा खरंच अभिमान आहे. जवळच एल्सकारला जुन्या बाटल्यांचे लिलाव भरतात आणि इथले लोक व्हिक्टोरियन काळातले उकिरडे उकरून बाटल्या काढण्याचा छंद जोपासतात, कुदळ घेऊन, चिखलात गुडघाभर! इथे कॉडच्या बाटल्यांचे कितीतरी प्रकार ओळखतात. काहींची तोंडं मुद्दाम रंगीत काचेची.

तिथल्या एका आजोबांना रानवाटांचा फोटो दाखवला. आपल्या गावची बाटली पुरंदरच्या विहिरीत निघाली हे ऐकून त्यांनी दोन-तीन जणांना हाक मारून बोलावलं. परदेशी गिऱ्हाइकांची नावं ओतलेल्या बाटल्या इथून जगभर जात, असं ते म्हणाले.

टोकियोतून
अवांतर: जपानात ही बाटली अजून जिवंत आहे. रामुने म्हणतात. उन्हाळ्यातल्या प्रत्येक जत्रेत बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली असते. माझा मुलगा ती पिताना आपल्याकडच्या पोरांसारखाच गोटीसाठी भांडतो.

पेठकर
एक वेगळा विचार. १८९० मध्ये पुण्यात ख्रिश्चनांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं! टिळक, रानडे यांच्यासारखी माणसं त्यात. त्याच दशकात पारशी-इराणी किंवा मुसलमानाने भरलेली, दहा जणांच्या ओठाला लागून परत धुऊन भरलेली ही बाटली पेठेतला माणूस उघड पीत असेल का? माझा अंदाज, ही बाटली बरीच वर्षं कॅम्पाच्या बाजूलाच वावरली. यावर कुणाकडे घरातल्या आठवणी असतील तर लिहा.

दादरची_चिमणी
पणजी सोडा प्यायची, पण औषध म्हणून, वैद्याने सांगितल्यावर. आणि बाटलीला तोंड न लावता, वरून, फुलपात्रात ओतून. त्यामुळे चालत असे!

रानवाटा
तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे मानू! काचसामान यांनी सांगितलं तसं रात्री टॉर्च लावून पाहिलं. मामा, मामी, भाचरं सगळी अंधारात बाटलीभोवती बसली होती.

मागची ओळ: 'रायलँड्स'च्या आधी तीन अक्षरी शब्द आहे. पहिलं अक्षर 'डी', शेवटचं 'एन'. मधलं गेलं आहे, पण 'डॅन'च असणार.
पुढची ओळ: 'अँड सन्स'च्या आधी 'आर' अगदी स्पष्ट, त्याच्या आधी एक उभी रेघ, बहुधा 'आय'. सुरुवातीची अक्षरं पूर्ण गेली आहेत, पण जागा मोजली तर अजून पाच-सहा अक्षरं मावतील.

पेठकर
अर्देशीर! इंग्रजीत लिहिलं तर शेवटी 'आय' आणि 'आर', आधी सहा अक्षरं. अर्देशीर अँड सन्स, पुणे कॅम्पातले सोडावाले, १८८४ पासूनचे. शरबतवाला चौकातले. इराण्यांच्या हॉटेलात त्यांचा रासबेरी सोडा अजून मिळतो!

काचसामान
माझेही हात थरथरले वाचताना, तरीही सावकाश घेऊ. 'शीर', 'गीर'ने संपणारी पारशी-इराणी नावं पुष्कळ, उदाहरणार्थ जहांगीर. 'अँड सन्स' तर त्या काळी दर दुसऱ्या पाटीवर. मुंबईच्या ड्यूक अँड सन्सचं नावसुद्धा, १८८९ मध्ये, क्रिकेटच्या चेंडूवरच्या नावावरून घेतलेलं. जहांगीरमध्येही 'आय-आर'च्या आधी सहाच अक्षरं येतात, मोजून पाहा.

अर्देशीर असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. 'डॅन' आणि १८८४ यांचा मेळही बसतो. पण पक्कं म्हणायला पुरावा हवा. दोन वाटा आहेत. एक, त्या काळच्या व्यापारी डिरेक्टरी. थॅकरची इंडियन डिरेक्टरी घ्या, पूना उघडा आणि सोडावॉटरवाल्यांत 'अँड सन्स' किती ते बघा. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुने ग्रंथ आहेत, काही वर्षांचे खंड इंटरनेटवरही वाचायला मिळतात. दुसरी आणि सोपी वाट, बाटली घेऊन कॅम्पातल्या दुकानात जा.

इतिहासवेडी
आणि डिरेक्टरी एकाच सालची पाहू नका. पाच-पाच वर्षांच्या अंतराने पाहिलीत तर दुकान कधी आलं, कधी गेलं तेही कळतं. दुसरं कुठलं 'शीर अँड सन्स' नसेलच तर प्रश्न सुटला.

जुना_बाजार
माझ्याकडे गोल्ड स्पॉटची रिकामी बाटली आहे, तीपण अँटिक का?

काचसामान
जपून ठेवा. पण तिच्यावरचं नाव रंगाने छापून भट्टीत भाजलेलं असतं, ती पद्धत १९३० च्या दशकानंतरची. उठावाच्या अक्षरांचा जमाना तिच्या आधीचा. झाकणही पत्र्याचं, दातेरी. ते १८९२ मध्ये अमेरिकेत निघालं आणि हळूहळू त्यानेच गोटीला बाजारातून हाकललं.

रानवाटा
शनिवारी मामांना घेऊन कॅम्पात जातोय. मामांनी बाटली जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली आहे.

कृष्णाकाठ
जाताना एक करा. बाटलीचा नुसता फोटो काढू नका, अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या. तिथे जुनी बाटली असेल तर तिचाही तसाच छाप मागा. एकाच साच्यातल्या असतील तर 'पूना'च्या दोन 'ओ'मधलं अंतरसुद्धा तंतोतंत जुळेल. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, गडावर माल जायचा का. कागदावर नसेल ते त्यांना ठाऊक असतं.

भोरवाला
आणि जत्रेत जायचा का, हेही विचारा!